पुडा चुलीत घालू नका: भेसळीच्या आणि खोट्या लेबलच्या मालावर गावातून कारवाई कशी करवून घ्यायची

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, आर्वीकडच्या आमच्या गावात, नणंदेच्या दोन्ही लेकरांना एकाच रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारी दोघांनी दुकानात टांगलेल्या माळेतले पाच-पाच रुपयांचे मसाल्याचे पुडे खाल्ले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन लागली, लेकरं सावरली. मी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे तीनच गोष्टी विचारल्या. बॅच नंबर काय? त्याच बॅचचा माल दुकानात आहे का? बिल आहे का?

पुडे नणंदेनं सकाळीच चुलीत घातले होते. "कायले ठेवू तो घरात?" असं तिचं म्हणणं. दुकानदारानं आमची ओरड ऐकून उरलेली माळ संध्याकाळपर्यंत ठोक व्यापाऱ्याकडे परत पाठवली. पाच रुपयांचं बिल तर आपल्याकडे कोणी मागतच नाही. लेकरं पुड्यामुळे आजारी पडली की टाकीच्या पाण्यामुळे, हे आता कधीच कळणार नाही.

तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना तक्रारीचे अर्ज लिहून देते. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. सरकारी कारवाई आपल्या रागावर होत नाही. ती पुडा, बॅच नंबर आणि कागद यांवर होते, आणि या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी आपल्याच हातात असतात.

आधी हे ओळखा: माल बिघडला आहे की लेबल खोटं आहे?

पूर्वी भेसळीसाठी १९५४ चा कायदा होता. ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे. त्यात वाईट मालाचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि अर्जात योग्य शब्द पडला की काम सोपं होतं.

पहिला प्रकार असुरक्षित अन्न. खाणाऱ्याला इजा होईल असा माल, बंदी असलेला रंग घातलेला, कीड किंवा अळ्या पडलेला. दुसरा कमी दर्जाचा माल. तो अपायकारक नसतो, पण ठरवून दिलेल्या मानकाला उतरत नाही. तिसरा खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या लेबलचा. आत काहीही असो, पुड्यावर जे छापलं ते खरं नाही किंवा जे छापायला हवं ते नाही.

शिक्षाही त्याप्रमाणे बदलते. खोट्या लेबलला ३ लाखांपर्यंत दंड, कमी दर्जाला ५ लाखांपर्यंत, फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत. ही दंडाची प्रकरणं न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे, म्हणजे दंड ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, चालतात. असुरक्षित अन्नाचा मामला मात्र फौजदारी आहे, त्यात कैद होते. त्या अन्नानं माणूस मेला तर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान १० लाख दंड आहे. शिवाय कलम ६५ खाली बाधित माणसाला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मिळू शकते, मृत्यू असेल तर किमान ५ लाख. आपल्या भागात या कलमाचं नावही फार जणांनी ऐकलेलं नाही.

पुडा वाचायचा कसा

बाजारातून आल्यावर पाच मिनिटं द्या. चष्मा लावा, लेकराला वाचायला सांगा, पण वाचा.

सगळ्यात आधी १४ अंकी क्रमांक शोधा. तो एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, चिन्हाजवळ असतो. १ नं सुरू होत असेल तर परवाना, २ नं सुरू होत असेल तर नोंदणी, म्हणजे छोटा उत्पादक. हा क्रमांक फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकला की उत्पादकाचं नाव आणि पत्ता दिसतो. पुड्यावर एक नाव आणि संकेतस्थळावर दुसरंच निघालं, किंवा क्रमांक सापडलाच नाही, तर मालाची तपासणी होण्याआधीच तुमची तक्रार उभी राहिली. आठवडी बाजारात मिळणाऱ्या ओळखीच्या ब्रँडच्या नकली पुड्यांवर हे हमखास सापडतं. रंग तोच, अक्षरं तशीच, नावात एखादी वेलांटी वेगळी आणि पत्ता अर्धवट.

मग तारीख. शेवटची वापर तारीख आणि 'या तारखेपूर्वी उत्तम' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी उलटली तर चव आणि खुसखुशीतपणा कमी होईल एवढंच. पहिली उलटलेला माल विकला तर दुकानदार थेट जबाबदार असतो. तारखेवर बोट फिरवून बघा. मूळ छपाई पुसून वर नवा शिक्का मारलेला असेल तर तिथली चकाकी वेगळी दिसते, कधी खालचा आकडा अंधूक उरतो. किमतीवर स्टिकर असेल तर लक्षात ठेवा, स्टिकर फक्त किंमत कमी करायला लावता येतो, वाढवायला नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. 'बदाम बिस्किट' लिहिलं आणि बदाम यादीत अगदी तळाशी, तर पैसे कशाचे दिले ते समजलं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. चौकोनात काळी फुली असेल तर ते खाण्यासाठी नाहीच. दिव्याच्या तेलाच्या बाटल्या खाद्यतेलाच्या शेजारी आणि स्वस्तात ठेवलेल्या असतात. सणावाराच्या घाईत त्या स्वयंपाकघरात जातात म्हणून मुद्दाम सांगते.

तेलाबाबत आणखी एक. खाद्यतेल सुटं विकायला कायद्यानं मनाई आहे, आणि तेलाचा पत्र्याचा डबा एकदा वापरल्यावर पुन्हा तेल भरायला वापरता येत नाही. डब्याला पोचे, झाकणाभोवती गंज, जुन्या कागदावर नवा कागद चिकटवलेला, असं दिसलं की फोटो काढा.

आणि आपल्या मातीची नावं. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरकडच्या वायगाव हळदीला आणि नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकवलेलं वाण आहे ते. कुठलीही हळद दळून पुड्यावर 'वायगाव' छापणं हे खोटं लेबल आहे, मग हळद शुद्ध का असेना. ही तक्रार करायला आपण कचरतो, कारण पोट दुखलेलं नसतं. पण फसवणूक शेतकऱ्याचीही आहे.

लेबल खोटं असलं तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण ओआरएसचं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लेकराला जुलाब झाले की माय औषधाच्या दुकानात 'ओआरएस द्या' म्हणते. तिथे वर्षानुवर्षं नावात ओआरएस असलेली गोड पेयं मिळत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. त्या पेयांत साखर कितीतरी जास्त होती, आणि जास्त साखरेनं जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं हा प्रश्न लावून धरला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं आदेश काढला की पेयाच्या नावात 'ओआरएस' वापरणं हे दिशाभूल करणारं लेबल मानलं जाईल. घरात आधीचा डबा पडला असेल तर घटक वाचा. खरं ओआरएस आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

वाईट पुडा हाती लागला तर

कोणी आजारी असेल तर दवाखाना आधी. डॉक्टरांना काय खाल्लं आणि किती वाजता खाल्लं ते सांगा आणि केस पेपरवर लिहून घ्या. 'जुलाब-उलट्या' एवढंच लिहिलेला कागद पुढे अर्धाच उपयोगी पडतो. लग्नात किंवा शाळेत एकाच वेळी बरेच जण आजारी पडले तर डॉक्टरांना अन्न विषबाधा म्हणून कळवायला सांगा, कायद्यात कलम ३५ त्यासाठीच आहे.

मग पुडा. उरलेल्या मालासकट तो स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा, लवकर नासणारं असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. वेष्टन फेकू नका, धुऊ नका. फोटो काढा: समोरची बाजू, मागची बाजू, १४ अंकी क्रमांक, बॅच नंबर, तारीख, आणि जे वाईट सापडलं ते. कीड असेल तर पुड्याच्या कडेसकट एकाच फोटोत घ्या.

यानंतरची गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तुम्ही उघडलेला पुडा हा सहसा सरकारी नमुना होत नाही, कारण उघडल्यावर त्यात काय पडलं हे सिद्ध करता येत नाही. अधिकारी त्याच बॅचचा सीलबंद माल दुकानातून उचलतात. म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी, शांतपणे, त्याच बॅचचे आणखी एक-दोन पुडे विकत घ्या आणि न उघडता ठेवा. बिल मागा. छापील नसेल तर वहीच्या कागदावर तारीख, मालाचं नाव, बॅच आणि सही घ्या. "काकाजी, घरी हिशेब लिहायचा आहे," म्हटलं की बहुतेक जण देतात. फोन पेनं पैसे दिले तर तीही नोंद राहते. आम्ही त्या दिवशी आधी ओरडलो आणि माल गेला. ही चूक तुम्ही करू नका.

पुड्यावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला तर कंपनी बऱ्याचदा बदली माल पाठवते आणि जुना पुडा परत मागते. बदली माल घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पुडा देऊ नका.

पाण्यात तिखट टाकून रंग सुटतो का बघणं वगैरे घरगुती चाचण्या संशय पक्का करायला ठीक आहेत. पुरावा म्हणून त्यांची किंमत नाही. आणि व्हॉट्सॲपच्या गटात दुकानाचं नाव टाकून व्हिडिओ फिरवू नका. त्यानं माल लपवायला वेळ मिळतो आणि बदनामीचा दावा आपल्यावर येतो.

तक्रार कुठे

भेसळ, कीड, मुदत, लेबल, परवाना: अन्न व औषध प्रशासन, जिल्हा कार्यालय. तिथे सहायक आयुक्त (अन्न) हे पदनिर्देशित अधिकारी असतात आणि त्यांच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी. वजन कमी भरलं किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर ते काम वैधमापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकांचं. कमी वजनाचा अर्ज अन्न विभागात टाकून दोन महिने वाट पाहिलेले लोक मला भेटले आहेत. अंगणवाडीतून घरी मिळणाऱ्या आहाराच्या पाकिटाची तक्रार बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्या आणि प्रत अन्न विभागाला. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, त्याची खबर पोलिसांनाही देता येते.

अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय तालुक्याला नसतं. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, एका अर्जासाठी मजुरी बुडवून कोण जाणार? म्हणून फोन: प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५, एफएसएसएआयचा १८००-११-२१००, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवर फोटो जोडून तक्रार टाकता येते. कुठेही केली तरी तक्रार क्रमांक लिहून ठेवा. आणि फोन केला म्हणून थांबू नका, त्याच दिवशी लेखी अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा. लेखी तक्रारीची चौकशी करणं हे अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचं नेमून दिलेलं काम आहे.

गावात दुकानदार नात्यातला निघतो, उधारी त्याच्याकडेच असते. एकट्यानं नाव द्यायची भीती वाटणं साहजिक आहे. अशा वेळी पाच-दहा जणींनी मिळून सह्या करा किंवा ग्रामसभेत ठराव घेऊन ग्रामपंचायतीच्या पत्रानं तक्रार पाठवा.

मी वापरते तो मसुदा हा:

प्रति, मा. सहायक आयुक्त (अन्न) तथा पदनिर्देशित अधिकारी, अन्न व औषध प्रशासन, जिल्हा ……
विषय: …… या वेष्टित अन्नपदार्थाचा नमुना घेऊन तपासणी व कारवाई होणेबाबत.
महोदय/महोदया, मी दि. …… रोजी मौजा ……, ता. …… येथील …… या दुकानातून …… हा पदार्थ विकत घेतला. उत्पादकाचे नाव व पत्ता ……, परवाना/नोंदणी क्रमांक ……, बॅच क्रमांक ……, उत्पादन दि. ……, अंतिम वापर दि. ……. त्यात …… आढळले. (आजारी पडले असल्यास: …… यांच्यावर …… येथे उपचार झाले.) त्याच बॅचचा माल दि. …… रोजी सदर दुकानात विक्रीस होता. कृपया या बॅचचा नमुना घेऊन तपासणी करावी व केलेल्या कारवाईची लेखी माहिती मला द्यावी. सोबत: बिल, छायाचित्रे, केस पेपर यांच्या प्रती. न उघडलेला एक पुडा माझ्याकडे जपून ठेवला आहे.

जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. 'अधिकारी हप्ता खातात' असं रागात लिहू नका. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार खोटी ठरली तर तक्रारदारालाच ५० हजार ते १ लाख दंड आहे.

अधिकारी आल्यावर

ते दुकानदाराला लेखी नोटीस देतात, मालाची किंमत देतात आणि साक्षीदारासमोर नमुन्याचे चार भाग करून सील लावतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे राखीव राहतात, आणि चौथा दुकानदारानं मागितलं तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. चार भागांना पुरेल एवढा माल लागतो. दुकानात दोनच पुडे उरले असतील तर अडचण येते, म्हणून उशीर नको.

अडतं ते साक्षीदारापाशी. दुकानापुढे पन्नास माणसं जमतात आणि सही म्हटलं की सगळे शेताकडे निघतात. "कोर्टात बोलावतीन ना भाऊ!" हो, बोलावू शकतात. पण सही फक्त एवढ्याचीच असते की माझ्यासमोर नमुना घेतला आणि सील केला. दुकानदार दोषी आहे असं त्यात कोणी म्हणत नाही. एखाद्या शिक्षकानं, पोलीस पाटलानं, बचत गटाच्या अध्यक्षेनं पुढे व्हावं.

या कागदांना एवढं महत्त्व का, ते मॅगी प्रकरणात दिसलं. त्याची सुरुवात उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत २०१४ साली घेतलेल्या नमुन्यातून झाली. पुड्यावर एमएसजी, म्हणजे चव वाढवणारं मोनोसोडियम ग्लुटामेट, घातलं नसल्याचं छापलं होतं आणि तपासणीत ते आढळलं. पुढे शिशाचा मुद्दा निघाला आणि ५ जून २०१५ रोजी देशभर विक्री थांबवण्याचा आदेश आला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. कंपनीची बाजू नीट ऐकली नव्हती, आणि नमुने तपासलेल्या प्रयोगशाळांना कायद्यानं लागणारी मान्यता नव्हती. नव्यानं केलेल्या तपासण्यांत माल उत्तीर्ण झाला आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. जिल्ह्यातला एक अधिकारी किती मोठं प्रकरण उभं करू शकतो आणि पद्धत चुकली की ते कसं कोसळतं, हे दोन्ही त्यात आहे.

विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दुकानदाराला किंवा कंपनीला त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं, मग राखीव भाग वरच्या प्रयोगशाळेत जातो.

अधिकारी आलेच नाहीत तर कलम ४० आहे. ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करवून घेऊ शकतो. अट एक: हा माल तपासायला नेतो आहे, हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. गावच्या दुकानात हे तोंडावर सांगणं जड जातं, दोघं-तिघं मिळून जा. माल दोषी निघाला तर फी परत मिळते आणि विश्लेषक तो अहवाल पुढील कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे पाठवतात.

पाठपुरावा

अर्जानंतर महिनाभरात काही कळलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्रात १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा, ३० दिवसांत उत्तर. विचारायचं एवढंच: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर नमुना कधी घेतला, विश्लेषकाच्या अहवालाची प्रत द्यावी, प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे की न्यायालयात गेलं त्याची तारीख द्यावी. हा अर्ज लांबवू नका, कारण कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे गुन्ह्यापासून एक वर्षात खटला दाखल व्हावा लागतो. आयुक्तांनी कारणं नोंदवून मंजुरी दिली तरच ती मुदत तीन वर्षांपर्यंत वाढते.

दंड सरकारजमा होतो. तुमच्या दवाखान्याच्या खर्चासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आयोग स्वतः नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. जपून ठेवलेला न उघडलेला पुडा इथे कामी येतो.

दुकानदार आणि बचत गटांसाठी

हे सगळं वाचून गावातला छोटा दुकानदार घाबरला असेल. त्यानं सीलबंद माल आणला, आत काय आहे ते त्याला काय ठाऊक? कायदा हे ओळखतो. पण माल कोणाकडून आणला हे सांगता आलं नाही तर तो जबाबदार धरला जातो. म्हणून ठोक व्यापाऱ्याकडून बॅच नंबर असलेलं पक्कं बिल घ्या आणि फाइलला लावा. बिल न देणाऱ्याचा माल दोन रुपये स्वस्त असला तरी उचलू नका.

पापड, तिखट, हळद विकणाऱ्या आमच्या बचत गटाच्या बायांनाही तोच कायदा लागतो. नोंदणी फॉसकॉसवर होते, फी वर्षाला १०० रुपये. लेबल नुसतं मराठीत छापून चालत नाही. आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्यासोबत घाला. प्रत्येक घाण्याला वेगळा बॅच नंबर द्या आणि वहीत लिहा की त्या दिवशी मिरची कोणाकडून आली. आणि प्रत्येक बॅचचा एक पुडा मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवा, म्हणजे उद्या कोणी तुमच्या तिखटावर बोट ठेवलं तर दाखवायला तुमच्याकडेही सीलबंद पुडा असेल.